जागच्या जागी दुडकी

बिदरकडच्या चिटगुप्प्याला मी रुजू झाले तेव्हा आमच्या राज्याचं नाव अजून मैसूर होतं. मुलींच्या शाळेत कवायतीची बाई म्हणून नेमणूक झाली होती. वय चोवीस. सामान म्हणजे एक लोखंडी ट्रंक, एक वळकटी आणि गळ्यात शिट्टी. आमच्या गावाहून, कमठाण्याहून, आई सोबत आली होती, मला खोली बघून देऊन परत जायचं म्हणून.

दोन दिवस आम्ही खोली शोधत फिरलो. लोक आधी आडनाव विचारायचे, मग गाव, मग गावात घर कुठल्या अंगाला आहे ते. एवढं विचारून झालं की खोली नेमकी कालच दुसऱ्या कुणाला दिलेली असायची. छप्पननंतर आमचं घर बौद्ध झालं, तेव्हा मी शाळेत जायला लागले होते. आईला या विचारण्याची सवय होती. मला ती लावून घ्यायची नव्हती.

तिसऱ्या दिवशी कुणीतरी गावाबाहेरचं एक घर सांगितलं. लाल मुरमाच्या माळाला लागून बसकं घर, मागं दोन एकर रान. ओसरीवर वेताच्या खुर्चीत एक म्हातारा डावा पाय लांब करून बसला होता. गळ्यात लिंग, मिशा पांढऱ्या, पाठ मात्र ताठ. मला त्यानं डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि विचारलं,

"वजन किती हाय बाई तुमचं?"

आई भडकली. "चल गं हितून," म्हणाली. माझ्या तोंडून मात्र उत्तर निघून गेलं होतं, "अठ्ठेचाळीस किलो."

"पाठ दुखती का कधी?"

"न्हाई."

"मग ऱ्हावा," म्हातारा म्हणाला. "आडनाव-बिडनाव आमच्या घरात इचारतील. मला तेवढंच पायजे व्हतं."

घरात म्हणजे त्यांची बायको. तिनं संध्याकाळी खरंच विचारलं. उत्तर ऐकून म्हणाली, "पानी आडातून काढता येतंय नव्हं?" मी होय म्हटलं. त्या दोघांना सगळं गाव अप्पा आणि अक्का म्हणायचं. मीही तेच म्हणू लागले.

अप्पांनी वजन कामून विचारलं ते दुसऱ्या दिवशी कळलं. घरामागच्या छपरात एक घोडी होती. रंगानं तांबूस, शेपूट आणि आयाळ काळी, उंचीला फार नाही, पण खांदा असा तिरका आणि मान अशी निघालेली की मला घोड्यातलं काही कळत नसूनही मी बघत उभी राहिले. मी पुढं झाले तशी ती भिंतीला चिकटली आणि तिचे चारही पाय थरथरू लागले.

अप्पांचं आयुष्य घोडे शिकवण्यात गेलं होतं. आधी संस्थानच्या रिसाल्यात, मग संस्थान गेल्यावर सरकारी पलटणीत. कोवळं जनावर त्यांच्या हातात यायचं आणि चार-पाच वर्षांनी ते इतकं तयार व्हायचं की स्वारानं नुसता श्वास सोडला तरी थांबायचं. मग एखादा अधिकारी त्यावर बसून स्पर्धेला जायचा आणि कप घेऊन यायचा. अप्पा शिपाईगड्यातले, त्यांनी मैदानाच्या दोरीबाहेर उभं राहायचं. याबद्दल ते तक्रार करत नसत. एकदाच म्हणाले होते, "पोरगी आपन वाढवायची, वरातीत मात्र आपल्याला बोलावनं न्हाई."

निवृत्त झाल्यावर त्यांनी माळेगावच्या यात्रेतून ही घोडी आणली. स्वतःची, पहिलीच. पण आणल्यावर सहाच महिन्यांत पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं आणि पुन्हा बसणं संपलं. घोडीचाही इतिहास वाईट होता. लग्नाच्या वरातीत नाचवायला तिला शिकवलं होतं. दोन खांबांमध्ये बांधून, काटेरी लगाम घालून, ढोलाच्या ठेक्यावर नडग्यांवर छडी मारायची. जनावर पाय उचलतं, लोक म्हणतात घोडी नाचली. ती नाचायची तेव्हा तिची पाठ आत जायची, मान वर ताठ व्हायची आणि डोळ्यांचं पांढरं दिसायचं.

"हिला आधी चालायला शिकवायचंय," अप्पा म्हणाले. "तुमाला बी."

पहिले तीन महिने मला लगाम दिला नाही. अप्पा खुर्चीत मधोमध बसायचे, हातात लांब दोरी, आणि घोडी त्यांच्याभोवती फिरायची. मी तिच्या पाठीवर, रिकिबीशिवाय, हात कमरेवर. सकाळी सहा ते साडेसात, मग आंघोळ करून शाळा. माझ्या गुडघ्याखाली ते पोस्टकार्ड ठेवायचे आणि ते पडलं की फेरी पुन्हा पहिल्यापासून. हात स्थिर व्हावेत म्हणून मला दोन काठोकाठ भरलेले तांबे घेऊन आडापासून ओसरीपर्यंत चालायला लावायचे. अक्का दारातून बघायची आणि म्हणायची, "मास्तरीन बाईला पानक्या करून टाकलाव की!"

घोडीला नाव नव्हतं. आम्ही तिला 'पोर' म्हणायचो. तिला माझी भीती जायला पाच महिने लागले. एके दिवशी खरारा करताना तिनं लांब सुस्कारा सोडला आणि डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं. ते वजन अजून आठवतं.

हे जे आम्ही करत होतो त्याला इंग्रजीत ड्रेसाज म्हणतात. आखलेल्या चौकोनात घोड्यानं ठरलेल्या चाली ठरलेल्या जागी करून दाखवायच्या. तोंडानं बोलायचं नाही, हात हललेला दिसता कामा नये. परीक्षेसारख्या त्याच्या पायऱ्या असतात. पहिल्या पायरीला सरळ चालणं, दुडकी, मोठं वर्तुळ आणि चारी पाय चौरस ठेवून थांबणं. पुढं घोडा तिरका चालतो, खांदा आत घेऊन जातो, मग धावता धावता हवेतल्या हवेत पाय बदलतो. आणि सगळ्यांत वरच्या पायरीला एक चाल असते, जिच्यात घोडा दुडकीच करतो पण पुढं जात नाही. त्याला एक फ्रेंच नाव आहे, पियाफ. अप्पा त्याला 'जागच्या जागी' म्हणायचे आणि ते म्हणताना आवाज खाली आणायचे.

ज्वारी निघाली की रानात चुन्यानं चाळीस मीटरांचा चौकोन आखायचा. कडेनं डालड्याच्या डब्यांच्या झाकणांवर अक्षरं रंगवून ठेवली होती, कुठल्या अक्षरापाशी काय करायचं ते लक्षात राहावं म्हणून. अप्पांना इंग्रजी तेवढीच आठ-दहा अक्षरं येत होती, तीही मैदानाच्या क्रमानं. गावात माझं नाव 'घोडेवाली बाई' पडलं. शाळेतल्या मुली खिडकीतून टापांचा आवाज तोंडानं काढायच्या. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची, कारण मला तो आवाज आवडायचा.

आई वर्षातून दोनदा यायची. पहिल्यांदा ती बांधावर बसली आणि पदर तोंडाला लावून बघत राहिली. मी खाली उतरल्यावर म्हणाली, "पडशील का गं?"

"पडले की चार बार."

"मग कामून बसायलीस?"

आई उठून घोडीजवळ गेली, भीत भीत तिच्या नाकपुडीला बोट लावलं आणि हसली. "लई मऊ हाय की गं हिचं नाक." त्यानंतर लग्नाचा विषय तिनं काढला तरी घोडी सोड असं कधी म्हणाली नाही. दोन स्थळं त्यावरूनच गेली. एका मुलाच्या मामानं विचारलं होतं, लग्नानंतर बाई घोड्यावर बसणार का? मी म्हटलं, रोज. आईनं चहाचे कप उचलले.

तिसऱ्या वर्षी आम्ही हैदराबादला पहिल्या स्पर्धेला गेलो. ट्रकमध्ये कडब्याच्या पेंढ्या, मध्ये घोडी, तिच्या डोक्याशी मी आणि ड्रायव्हरशेजारी अप्पा. अप्पांच्या जुन्या वर्दीचा कोट चिटगुप्प्याच्या शिंप्यानं माझ्या मापाचा करून दिला होता. बूट मोठे होत होते म्हणून आत कापूस. मैदानावर सगळे पलटणीतले, पोलिसातले नाहीतर क्लबातले स्वार. बाई मी एकटीच.

मी मैदानात शिरले, मधोमध जाऊन थांबले, पंचांना मान लववली. अगदी चौरस थांबली होती पोर. आणि तेवढ्यात मागच्या पटांगणात बँडाचा सराव सुरू झाला. मोठा ढोल वाजला. माझ्याखाली तिची पाठ दगडासारखी झाली, मान वर आली आणि ती नाचायला लागली. वरातीतलं नाचणं, डोळे पांढरे करून. लोकांतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं हे मुद्दाम आहे.

मला त्या क्षणी एकच कळलं, की आता लगाम ओढला तर ती पुन्हा त्या दोन खांबांमध्ये जाईल. मी लगाम पूर्ण सोडला. दोन्ही हात तिच्या मानेवर ठेवले आणि खाजवत बसले. असं करणं नियमात बसत नाही, ते मला माहीत होतं. किती वेळ गेला कोण जाणे. ढोल वाजतच होता. हळूहळू तिनं मान खाली घेतली, फुरफुरली आणि उभी राहिली. मग आम्ही उरलेली परीक्षा पूर्ण केली, सगळी. तेवीस जणांत बाविसावा नंबर आला, आणि तेविसावा स्वार पडला होता.

परतीच्या वाटेत जहिराबादला चहाला थांबलो तेव्हा अप्पा ट्रकच्या मागं आले, फळीला धरून उभे राहिले.

"लगाम सोडलीस ते बरं केलीस," ते म्हणाले. "मी असतो तर धरलो असतो."

तोवर ते मला 'तुम्ही' म्हणायचे. त्या दिवसापासून 'तू' झाले.

त्यानंतरची पाच वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यांत भरलेली होती, असं आज म्हणता येतं. तेव्हा ती नुसतीच एकामागून एक येणाऱ्या सकाळींची रांग होती. दुसऱ्या पायरीला आमचा दुसरा नंबर आला. तिसऱ्या पायरीसाठी चौकोन साठ मीटरांचा लागतो. आमचं मोकळं रान चाळीस मीटरांवर संपायचं आणि पुढं अक्काची तूर होती. अप्पांनी दोन दिवस मनाशी घोळवून तिसऱ्या दिवशी विषय काढला.

"घोडीसाठी उभी तूर काढायलाव?" अक्का म्हणाली. "डाळ काय आभाळातून पडनार हाय का?"

अक्का आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर ती विळा घेऊन पहिल्या ओळीत वाकलेली. हिरव्या शेंगा ओट्यात भरून घेत होती. "बघायलीस काय? हात लाव," एवढंच म्हणाली. त्या हिवाळ्यात आम्ही उकडलेल्या तुरीच्या शेंगा इतक्या खाल्ल्या की पुढं कित्येक वर्षं मला त्यांचा वास नको वाटायचा.

धावता धावता पाय बदलणं पोरीला शिकवायला सव्वा वर्ष लागलं. धावताना घोड्याचा एका बाजूचा पाय पुढं पडतो. सगळे पाय हवेत असतानाच तो दुसऱ्या बाजूला बदलायचा असतो. ती पुढचा बदलायची, मागचा राहायचा. मागचा बदलला तर घाबरून उधळायची. अप्पा म्हणायचे, "तिला सांगू नको. तिला सुचू दे." एका धुक्याच्या सकाळी मी तिरक्या रेषेवरून येत होते. नुसता बसण्यातला भार उजवीकडून डावीकडं नेला, आणि माझ्याखाली काहीतरी फुलासारखं उलगडलं आणि मिटलं. मी अप्पांकडं बघितलं. ते खुर्चीतून उठून उभे होते, काठीशिवाय. मग बसले, नाक पुसलं आणि घराकडं तोंड करून ओरडले, "अगं, हुग्गी कर! आज सन हाय!" अक्कानं गूळ घालून गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, केली. पहिला वाडगा घोडीला.

तिसऱ्या पायरीला आमचा पहिला नंबर आला. बक्षीस घेऊन मी परत आले तर अप्पांसमोर एक उंच, पांढऱ्या केसांचा लष्करी अधिकारी उभा होता. तरुणपणी तो अप्पांनी तयार केलेल्या घोड्यांवर बसला होता, कप जिंकला होता. आता उत्तरेतल्या एका छावणीत घोडेस्वारी शिकवण्याचा मोठा विभाग त्याच्याकडं होता.

"ये घोड़ी आपने बनाई, उस्ताद?" त्यानं विचारलं.

"बाईने बनाई, साहेब," अप्पा म्हणाले. "मैं तो कुर्सी पे बैठा था."

साहेबांनी माझ्याशी हात मिळवला. मग अप्पांकडं वळून म्हणाले की ही घोडी शेवटच्या पायरीपर्यंत जाऊ शकते, असं जनावर दहा वर्षांत एखादं येतं. तिला त्यांच्याकडं द्यावी, असंही म्हणाले. अप्पा हसले आणि म्हणाले, "अजून आम्ही दोघं हावोत की."

घरी आल्यावर आम्ही 'जागच्या जागी' सुरू केलं. दोन हिवाळे. त्याबद्दल लिहायला मला अजून जड जातं. ही चाल दिसायला तिच्या त्या वरातीतल्या नाचासारखीच. उभ्या जागी पाय उचलायचे. पण आतून उलटी. पाठ वर यायला हवी, मागचे पाय पोटाखाली, मान मऊ, मन शांत. आम्ही हळूच विचारायचो आणि पोर तिला जे ठाऊक होतं तेच द्यायची. पाठ आत, मान वर, डोळे पांढरे. तिला वाटायचं, अखेर यांनाही तेच पाहिजे होतं. आम्ही थांबायचो, महिनाभर साध्या चाली करायचो, पुन्हा विचारायचो. पुन्हा तेच. दुसऱ्या हिवाळ्यात ती मला छपराशी आलेली बघून पुन्हा भिंतीला चिकटली, पहिल्या दिवसासारखी.

त्या दिवशी मी खोगीर घातलंच नाही. अप्पा खुर्चीत होते. मी त्यांच्या पायाशी मुरमावर बसले.

"पोरी," ते म्हणाले, आणि क्षणभर मला वाटलं घोडीला हाक मारली, "मला इथवरच येतंय. याच्या पुढचं मी लांबून बघितलोय. शिकवलो न्हाई कधी. त्या पायरीला घोडा पोचायच्या आधीच साहेब लोक घेऊन जायचे."

मी मुरमातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"साहेबांकडं तसं शिकवनारे हाईत. तयार घोडे हाईत. त्यांच्या संगतीनं हिची भीती जाईल." त्यांनी छपराकडं बघितलं. "माझी घोडी असती तर मी दिलो नसतो. लई बार दिलोय. पर ही तुझी हाय. तू सांग."

मी घोडी तयार केली हे त्यांनी साहेबांना म्हटलं होतं, ते मी थोरपणाचं बोलणं समजले होते. ते खरं बोलले होते हे तेव्हा कळलं. मी त्यांना विचारलं, की मी सोबत जाऊ शकते का? ते म्हणाले, त्यांनी आधीच पत्र घालून विचारलं होतं, तिथं बायकांना घेत नाहीत. शिवाय माझी नोकरी होती, कमठाण्याला आई होती, धाकट्या भावाचं शिक्षण होतं. हे सगळं मला पाठ होतं, तरी विचारलं.

दोन दिवस मी शाळेत गेले नाही. तिसऱ्या दिवशी अप्पांना म्हटलं, "द्या."

अप्पांनी साहेबांना एकच अट घातली. दर हंगामाला घोडीची खुशाली पत्रानं कळवायची.

न्यायला ट्रक आला त्या सकाळी मला वाटत होतं ती चढणार नाही. अडून बसेल, मागं बघेल. मी तिच्या आयाळीच्या वेण्या घातल्या, खूर धुतले. ती माझ्यामागून सरळ फळीवर चढली आणि कडबा खायला लागली. ट्रकमध्ये चढायचं म्हणजे स्पर्धेला जायचं, एवढंच तिला माहीत होतं, आणि डोक्याशी मी असतेच. मी खाली उतरले. फळी लावली. ट्रक हुमनाबादच्या रस्त्याला लागेपर्यंत तिला कळलं नसावं की मी आत नाही. कधी कळलं असेल, हा विचार मला पुढं अनेक वर्षं शाळेच्या मैदानावर, बसमध्ये, भाकरी थापताना यायचा.

पत्रं आली. माझ्या नावावर, छावणीतल्या एका दफेदारानं, म्हणजे घोडदळातल्या हवालदारानं, मोडक्या हिंदीत लिहिलेली. घोडी सुखरूप आहे. घोडीनं पहिल्या दोन महिन्यांत खाणं कमी केलं होतं, आता खाते. घोडीला मोठ्या घोड्याशेजारी बांधतो. अप्पा मला वाचायला लावायचे, मग तेच पत्र पुन्हा. तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात अप्पा गेले. झोपेतच, अक्काला उठवून सांगितलंही नाही. पुढच्या महिन्यात पत्र आलं: घोडी आता जागेवर आठ पावलं टाकते.

ते मी अक्काला वाचून दाखवलं. अक्का म्हणाली, "महिनाभर थांबले असते तर काय झालं असतं?" मी पत्राची घडी घातली.

मग माझी बदली औरादला झाली. तिथं मैदान होतं, मुली चांगल्या होत्या. तेलुगू बोलणाऱ्या मुलींना खोखो शिकवता शिकवता मीही चार शब्द शिकले. सकाळी सहाला मात्र जाग यायचीच आणि करायला काही नसायचं. पायांना आतल्या बाजूला तिच्या बरगड्यांची ऊब लागायची, खरोखर लागायची, थंडीत गोधडीत पडल्या पडल्या. पुढं मी घोड्यावर बसले नाही. वरातीतली घोडी दिसली की रस्ता ओलांडून पलीकडं जायची.

मुलींचा संघ घेऊन एकदा दिल्लीला जायचा योग आला. सामने संपल्यावर एक दिवस मोकळा होता. सोबतच्या बाईंच्या हाती मुली सोपवल्या आणि बसनं त्या छावणीला गेले. साहेब निवृत्त झाले होते, पण दफेदार होता. मी चिटगुप्प्याची बाई म्हटल्यावर त्याच्या हातातली बादली हातातच राहिली. "आप मैडम हैं?" म्हणाला. त्यानं इतकी वर्षं पत्रं मला लिहिली होती, पण मनात कुणी आडदांड बाई धरली असावी.

पोर सोळा वर्षांची झाली होती. कपाळावर पांढरे केस आले होते, डोळ्यांवर खळगे. मी जवळ गेले. तिनं माझी बाही हुंगली, हात हुंगला, आणि गव्हाणीकडं वळली. मी लांबून आलेय हे तिला कसं कळावं! मी तिच्या मानेवर हात ठेवून उभी राहिले. ती खात राहिली. मला राग आला, खोटं कशाला बोलू. मग वाटलं, खाते आहे ना, भिंतीला चिकटली तर नाही.

"बैठेंगी?" दफेदारानं विचारलं.

मी पंजाबी ड्रेस घालून गेले होते. का घालून गेले होते ते मला माहीत होतं. त्यानं खोगीर घातलं. मी तिच्यावर बसले तेव्हा माझे पाय थरथरत होते, तिचे नाही. मैदानात वाळू होती, बारीक, करडी. आम्ही चाललो, दुडकी केली. मी हलक्या आवाजात म्हटलं, "हां पोर," आणि तिचा डावा कान माझ्याकडं वळला. वळला आणि तिथंच राहिला.

'जागच्या जागी' कसं विचारायचं ते मला येत नव्हतं. दफेदार कडेनं चालत म्हणाला, पाय थोडे मागं घ्या, लगाम धरू नका, नुसत्या तिथं असा. मी तशी राहिले. तिची पाठ माझ्याखाली वर आली, पीठ फुगून यावं तशी. आणि पाऊल पडलं. दुसरं पडलं. आम्ही पुढं जात नव्हतो. तिची मान खाली, मऊ, तोंडाला थोडा फेस. एका लयीत, जणू तिला कुठं जायचंच नव्हतं, सगळं इथंच होतं. मी मोजली, दहा पावलं. मग ती आपणच थांबली आणि फुरफुरली.

मी दोरीकडं बघितलं, घरी जिथं अप्पांची खुर्ची असायची त्या बाजूला. तिथं एक बादली होती. ज्याला हे सांगायचं तो माणूस राहिला नव्हता. दफेदार काहीतरी बोलत होता, ते मला ऐकू आलं नाही.

उतरल्यावर मी तिचे पाय धुतले, खरारा केला. गूळ नेला होता तो दिला. बसची वेळ झाली होती.

परत आल्यावर आधी औरादला न जाता चिटगुप्प्याला गेले. अक्का ओसरीवर हरभरे पाखडत होती. फार वाकली होती. मी बसले तशी तिनं सूप बाजूला ठेवलं.

"बघितलीस?"

"व्हय."

"खायला नीट घालतेत का?"

"घालतेत. अंगावर हाय चांगली."

"आन् ते? ह्यांचं ते... जागच्या जागी?"

"करती अक्का. मी बसले होते वर. दहा पावलं."

अक्का माझ्याकडं बघत राहिली. इतकी वर्षं ती घोडी तिच्या घराच्या मागच्या बाजूला होती, तिची तूर, तिची झोप, तिचा नवरा त्यात गेला होता, आणि तिला ती चाल कशी असते ते कुणी कधी दाखवलंच नव्हतं. "म्हंजे कसं गं?" तिनं विचारलं. "करून दाव की."

मी उठले. पदर खोचला. ओसरीच्या शहाबादी फरशीवर पाठ सरळ करून उभी राहिले आणि एक पाय उचलला, ठेवला, दुसरा उचलला. सावकाश. अक्का आधी तोंडाला पदर लावून हसली. मग हसायची थांबली. तिच्या हाताची बोटं मांडीवर माझ्या पावलांबरोबर हलत होती. मी दहा मोजली, तरी थांबले नाही, कारण ती अजून बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी बिदरवरून औरादला गेले. दुपारी खोखोचा सराव होता.